बुफे, पंगत आणि दोन इवाई

संघमित्राचं लग्न सोळा दिवसांवर आलं होतं आणि ते मोडायला वरणभाताचं कारण पुरलं. म्हणजे जेवणात वरणभात असावा यावर दोन्ही व्याह्यांचं एकमत होतं. तो उभ्याने खायचा की बसून, इथे गाडी अडली होती.

मुलीचे वडील बळीराम, चरोद्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले लोको पायलट. ते पंगतीवर ठाम. नवरदेव अतुलचे वडील रामाजी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. ते सकाळीच कोहक्याहून स्कूटरवर आले होते, आणि त्यांना बुफेच हवा होता. दोघेही तसे सज्जन. पण निवृत्त माणसाला एरवी घरात कोणी काही विचारत नाही, त्यामुळे कोणी विचारलंच तर तो आपलं मत सहजासहजी सोडत नाही.

“पाहुणे प्लेट घेऊन लायनीत उभे राहणार? राशन दुकान आहे काय जी ते?” बळीराम म्हणाले.

“अन् तुमच्या पंगतीतून म्हाताऱ्यायले उठवणार कोण? तुमी?” रामाजी म्हणाले.

“माह्या पोरीचं लगन आहे.”

“मंग माह्या पोराचं नाई काय?” रामाजींनी टेबलावरची स्कूटरची चावी उचलली. “मले वाटते, आपलं जमत नाई. राहू द्या मंग.”

स्वयंपाकघराच्या दारात संघमित्रा पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभी होती. तिचा उतरलेला चेहरा पाहून तिची आई सत्यशीला पदर खोचून बाहेर आली.

“बसा इवाई. चावी ठेवा खाली. अन् तुमी जी,” ती नवऱ्याकडे वळली, “चौतीस वर्षं गाडी चालवली. असिस्टंटनं सिग्नल पाहून ‘पिवळा’ म्हटलं का तुमी काय म्हणत होते?”

“पिवळा.”

“कावून?”

“दोघायनं एकच पाह्यलं, हे पक्कं व्हावं म्हणून.”

“मंग आता तसंच. ज्याले विरोध करायचा आहे, त्यानं आधी दुसऱ्याचं म्हणणं बोलून दाखवायचं. तो ‘बरोबर’ म्हणन, तवाच आपलं काढायचं.”

बळीरामांनी घसा साफ केला. “इवाई म्हणून राहिले का पाहुण्यायनं भिकाऱ्यासारखं...”

“बरोबर नाई,” रामाजी म्हणाले.

“इवाई म्हणून राहिले का त्यायच्या पाहुण्यायले मांडी घालता येत नाई.”

“बरोबर नाई.”

“मंग तुमीच सांगा ना नीट, काय आहे ते.”

रामाजींना ते सांगायचं नव्हतं, पण आता सांगावं लागलं. गावच्या पंगतीत त्यांच्या बाबांना शेवटी, वेगळं बसवत. पळी ताटाला लागू नये म्हणून वाढणारा वरण उंचावरूनच ओतायचा. “बुफेत पळी आपल्या हातात राह्यते जी,” ते म्हणाले. “साऱ्यायची एकच पळी.”

बळीरामांनी हे शब्द न् शब्द म्हणून दाखवलं. आवाज बराच खाली आला होता.

“बरोबर,” रामाजी म्हणाले.

मग बळीरामांनी आपलं सांगितलं आणि ते बोलून दाखवायची रामाजींची पाळी आली. बळीरामांच्या बाबांना तर पंगतीत जागाच नव्हती. लोक उठेपर्यंत बाहेर उभं राहायचं आणि उरलेलं फडक्यात बांधून घरी आणायचं. म्हणून पोरीच्या लग्नात एकेका माणसाला बसवून, ‘घ्या जी, अजून घ्या’ म्हणत स्वतःच्या हाताने वाढायचं, हे बळीरामांनी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. एवढं बोलून दाखवताना रामाजींना दोनदा पाणी प्यावं लागलं.

निर्णय काही झाला नाही. पण निघताना रामाजींनी पोह्यांची तारीफ केली आणि सत्यशीलेला वाटलं, लग्न वाचलं. बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचं काम घेतलेला प्रितम दारात उभा. “काकाजी, मेरे को एक बात बताओ. साडेसातले तुमचा फोन, पंगत कॅन्सल, बुफे लगाओ. पावणेआठले रामाजी काकाचा फोन, बुफे कॅन्सल, पंगत बिठाओ. मी करू काय? आज पक्कं करा, नाई तर माणसं दुसऱ्या पार्टीकडे जातीन.”

रामाजींना बोलावणं गेलं. ते आले ते तावातावानेच.

“तुमच्या बाबाच्या नावानं पंगतच बसन, इवाई.”

“नाई जी. तुमच्या बाबाच्या नावानं बुफेच लागन.”

“मी ऐकणार नाई.”

“मंग मीबी नाई.”

माणूस स्वतःच्या मतासाठी भांडतो तेव्हा कधीतरी थकतो. दुसऱ्याच्या मतासाठी भांडणाऱ्याला आवरायचं कसं? सत्यशीलेने कपाळावर हात मारला. कालचा नियम लावून उपयोग नव्हता, कारण दोघांनाही एकमेकांचं म्हणणं तोंडपाठ झालं होतं.

“बाबा, आमाले कोणी विचारलं काय?” संघमित्रा म्हणाली.

खरंच कोणी विचारलं नव्हतं.

“पंगत बसन,” ती म्हणाली. “पयल्या पंगतीत मधात तुमी दोघं बसान. वाढणार मी अन् अतुल. पळी ताटाले टेकवून.”

“नवरी वाढन अन् आमी बसून राहू? हे कसं जमन?” दोघे एकदम म्हणाले. पंधरा दिवसांवर आलेल्या लग्नात त्यांचं हे वरणभातानंतरचं पहिलंच एकमत.

“विरोध आहे? मंग आधी माहं म्हणणं बोला.”

“पोरगी म्हणून राहिली,” बळीरामांनी सुरुवात केली, “का पयल्या पंगतीत आमी...” आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

“आमी दोघं बसू,” रामाजींनी पुढचं उचललं, “अन् पळी...” तेही तिथेच थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. विरोध राहूनच गेला.

प्रितमला यातलं काही कळलं नव्हतं. “तो पंगत पक्की,” तो म्हणाला. “अब ये बताओ, पोळी का पुरी?”

“पोळी,” बळीराम म्हणाले.

“पुरी,” रामाजी म्हणाले, आणि दोघांनी मोठ्या आनंदाने आपापल्या खुर्च्या एकमेकांजवळ ओढल्या.