अबोलीची वेलांटी

"आतोबा, आत्याच्या डोळ्यांत तुम्ही पहिल्यांदा बघितलंत, तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

भर जेवणाच्या टेबलावर टकळीने हा प्रश्न टाकला आणि बाबांचा चमचा हवेतच थांबला! खरं तर प्रश्न तिचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती, "होणाऱ्या आतोबांना सगळ्यांसमोर विचारून दाखव, तर तुला मानलं!" थोड्या दिवसांपूर्वीची टकळी असती तर तिने पाणी पिऊन विषय गिळून टाकला असता. घरात तिची जीभ सूत कातत असल्यासारखी गरगर फिरायची, म्हणून तर हे नाव पडलं. पण बाहेर पाऊल टाकलं की सूत तुटलंच! वर्गात हजेरी देताना बाईंना दोनदा विचारावं लागे, "आलीयेस ना गं?" मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ठरलेल्या मुलीचा आवाज बसला, हिला ढकलून उभं केलं, आणि बया चक्क कप घेऊन घरी आली. तेव्हापासून जी सुटली ती सुटलीच. आता तिला गप्प करायला वीज जावी लागते, आणि वीज गेली तरी अंधारात आवाज येतोच.

तर प्रश्न आतोबांना. आतोबांचं चष्म्याचं दुकान. माणूस इतका सरळ की स्वतःच्या दुकानात शिरतानासुद्धा दारावर टकटक करेल. समोर लिहिलंय ते वाचायचं, आणि वाचलं ते खरं मानायचं, हा धंदाच त्यांचा. त्यांनी घास नीट चावला, गिळला, विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं,

"डाव्या डोळ्यात जरा कोरडेपणा दिसला."

बाबांचा हवेतला चमचा ताटात पडला.

"म्हणजे फार नाही!" आतोबा घाईघाईने म्हणाले. "उजवा एकदम छान होता!"

आत्या तोंडावर नॅपकिन दाबून उठली ती थेट आतल्या खोलीत. तिचे खांदे गदगदा हलत होते. आतोबांचा चेहरा असा उतरला की आईने त्यांना न विचारताच आणखी भात वाढला. तोही त्यांना जाईना. "मी... मी निघतो," म्हणत ते बूट उलटसुलट घालून गेलेसुद्धा!

मग आत्या बाहेर आली. डोळे पुसत होती, पण हसून हसून!

"गेला? अरेरे! कोरडेपणा म्हणे! दादा, मी ह्या माणसाशी लग्न करतेय!"

"अजून वेळ गेलेली नाही," बाबा म्हणाले.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दिवसभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवते, स्वतः मात्र कोणासमोर वाकत नाही. लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं आणि तिला हवे होते पीच रंगाचे गुलाब. हातातला गुच्छ, टेबलांवरची फुलं, गाडीवरची, नवऱ्याच्या कोटावरचं, नवऱ्याच्या आईच्या केसांतलंसुद्धा, सगळं एकाच रंगात!

"पिच?" बाबांनी कान टवकारले. "गवत ठेवलेलं की कोरडं?"

"अहो, खेळाचं पिच नव्हे!" आईने कपाळावर हात मारला. "अबोली म्हणतेय ती. ना धड केशरी, ना धड गुलाबी."

"मग अबोली म्हणा ना सरळ!"

तेव्हापासून घरात पीच हा शब्द बाद झाला आणि अबोली रुजू झाली. राहता राहिला प्रश्न की फुलं बघायला जाणार कोण? आत्याला रोगी सोडत नव्हते, आईला ऑफिस सोडत नव्हतं, आणि बाबांना पाठवायला कोणीच तयार नव्हतं.

"माझ्यावर सोडा!" टकळी खुर्चीवरच उभी राहिली. "दोन्ही घरांची फुलं अशी जुळवते की पाहुणे डोळे चोळून बघतील!"

आत्याने आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. आणि फुलांचं खातं टकळीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तशी स्वारी फुलांच्या दुकानात हजर. दुकान चालवतात त्या फूलवाल्या काकू. कंबरेला कात्री, आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ. त्यांनी गुलाबांच्या बादल्या ओळीने मांडल्या आणि टकळीने परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"हा गाजरासारखा आहे. हा ताप उतरलेल्या माणसाच्या गालासारखा. हा तर सरळ सरळ भोपळा!"

"लग्न तुझं आहे का गं?"

"नाही, आत्याचं."

"मग एवढे नखरे तिला तरी करू दे! नवऱ्या मुली नवरा निवडताना एवढी चिकित्सा करत नाहीत."

शेवटच्या बादलीत मात्र ते गुलाब सापडले. कडेला गुलाबी, आत केशराची नुसती चाहूल, जणू कोणी लाजता लाजता हसलंय! टकळीने लग्नासाठी तेच पक्के केले आणि दोन्ही हातांच्या मिठीत मावतील तेवढे उचलले. आता हे आतोबांना ताबडतोब कळवायला हवं होतं, पण हात कुठे मोकळे? तिने फोन हनुवटीने दाबला आणि त्याला बोलून लिहायला लावलं. मागे फुलं ठेवायच्या थंड खोलीचं यंत्र घरघरत होतं, काकू कोणाला तरी झापत होत्या, पण कप मिळवलेल्या वक्त्याला त्याचं काय! तिने खणखणीत आवाजात सांगितलं,

"आतोबा, आत्याचं पक्कं ठरलंय. लग्न होईपर्यंत सगळीकडे अबोलीच! हॉलमध्ये, गाडीत, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे. तुमच्या घरूनही अबोलीच पाहिजे. तुमच्या आईंनाही बजावून सांगा. आणि आत्याला परत विचारू नका, ती आधीच वैतागलीय!"

फोनने आज्ञाधारकपणे लिहिलं आणि तिने हनुवटीनेच पाठवून दिलं. वाचून बघणं? वाचून बघणं हे भित्र्या लोकांचं काम!

लगेच उत्तर आलं. "समजलं. क्षमस्व."

'माफी कशाबद्दल मागतात?' टकळीला क्षणभर वाटलं. पण किती नम्र माणूस! फुलांनासुद्धा क्षमस्व म्हणतो!

त्या संध्याकाळी आत्याने आतोबांना फोन केला. फोन उचलला गेला. कोणी बोलेना.

"हॅलो? अरे, ऐकू येतंय का?"

पलीकडून एक खोल, दुःखी उसासा. मग फोन बंद.

"नेटवर्क नाही वाटतं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही नेटवर्कने उसासाच टाकला. दुपारी आत्या जेवणाच्या सुट्टीत तडक चष्म्याच्या दुकानात गेली आणि घरी आली ती पायातल्या चपला भिरकावतच!

"तोंड उघडेना तो माणूस! मी विचारते, काय झालं? तर हात जोडतो! म्हटलं, रागावलायस का? तर मान हलवतो, म्हणजे हो की नाही तेही कळेना! शेवटी ओरडले, बोल काहीतरी! तर ओठांवर बोट ठेवून छातीवर हात ठेवतो! गिऱ्हाइकं चाचणीचा तक्ता सोडून आमच्याकडे बघत बसली!"

"घसा बसला असेल," आई म्हणाली. "थांब, मी त्याच्या आईशी बोलते."

आता आतोबांची आई म्हणजे साधं 'कशा आहात' विचारलं तरी पूर्वजांपासून सुरुवात करणारी बाई. आईने फोन लावताना सवयीने खुर्ची ओढून घेतली. पण तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"उचललाय," फोनवर हात ठेवून ती कुजबुजली. "श्वास ऐकू येतोय. बोलत नाहीयेत!"

"त्या? बोलत नाहीयेत?" बाबा ताडकन उठले. "मग प्रकरण गंभीर आहे!"

फोनमधून नुसते हुंकार येत होते, जणू झाकण घट्ट लावलेल्या कुकरने शिट्टी दाबून धरलीय. शेवटी तिकडून फोन ठेवला गेला, तोही अगदी हलक्या हाताने.

बाबांनी निष्कर्ष काढला. "मोडलं. लग्न मोडतायत आणि सांगायचं धाडस होत नाहीये. अख्खं घर तोंडाला कुलूप लावून बसलंय."

आत्या जागची उठली. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ह्या वेळी तिचे खांदे हलत नव्हते, आणि टकळीला तेच जास्त भीतीदायक वाटलं. आत्याने तिला सायकल शिकवली होती, गणित शिकवलं होतं, पोहणं शिकवलं होतं. पण रडताना काही ती कधी दिसली नव्हती. आता पाठमोरी होती, तरी टकळीला कळलं.

"चल," आत्या वळून म्हणाली. डोळे लाल होते, आवाज दवाखान्यातला. "फुलं रद्द करायची आहेत. मला ती आता बघवणार नाहीत."

टकळीने चप्पल शोधायला मुद्दाम वेळ लावला. तिचे गुलाब! पण वाद घालायची हिंमत झाली नाही, म्हणजे बघा!

दोघी फुलांच्या दुकानात शिरल्या आणि दारातच थबकल्या. आत आतोबा उभे! त्यांच्यासमोर दुकानातली एकूण एक बादली मांडलेली, आणि फूलवाल्या काकू कंबरेवर हात देऊन फणफणत होत्या.

"काल ती पोरगी आली, तिला एक रंग पटेना! आज हे गृहस्थ आलेत, ह्यांना सगळेच पटतायत! बोलतील तर शपथ! नुसतं बोट दाखवतात, मग छातीवर हात ठेवतात, मग वर बघतात. अहो, कोणी गेलंय का तुमचं?"

आतोबांनी आत्याला बघितलं आणि हातातला गुच्छ एकदम पुढे केला. त्यात गुलाब होते, कमळ होतं, कुठलंसं काटेरी काहीतरी होतं आणि चुकून काकूंचा पुसायचा फडकाही होता.

"हे कशाला?" आत्या कडाडली. "निरोपाची फुलं? समोर उभं राहून एक शब्द बोलता येत नाही तुला?"

आतोबांनी कळवळून नकारार्थी मान हलवली. खिशातून फोन काढला आणि आत्यासमोर हात लांब करून धरला, दुकानात तक्ता दाखवतात तस्सा! आत्या नकळत एक पाऊल मागे सरली आणि मोठ्याने वाचू लागली.

"आत्याचं पक्कं ठरलंय. लग्न होईपर्यंत सगळीकडे अबोलाच. हॉलमध्ये, गाडीत, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे. तुमच्या घरूनही अबोलाच पाहिजे. तुमच्या आईंनाही बजावून..."

ती थांबली. तिची मान हळूहळू वळली. आतोबांची वळली. काही कळलं नव्हतं तरी काकूंचीही वळली.

टकळी बादल्यांच्या मागे सरकत होती.

"मी अबोलीच म्हटलं होतं," ती चिरक्या आवाजात म्हणाली. "स्पष्ट म्हटलं होतं! फोनने वेलांटी खाल्ली!"

"अबोली?" दोन दिवसांत आतोबांच्या तोंडून फुटलेला हा पहिला शब्द, तोही गंजलेल्या बिजागरीसारखा. मग त्यांनी दचकून तोंडावर हात ठेवला आणि आत्याकडे बघून भुवया उंचावल्या. परवानगी हवी होती त्यांना!

"बोल रे बाबा, बोल!"

"मला वाटलं, त्या कोरडेपणामुळे," आतोबा म्हणाले. "तू रडत उठून गेलीस ना..."

"मी हसत होते, गाढवा! इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि तू लगेच खरं मानलंस? विचारायचंस तरी!"

"विचारू नका असंही लिहिलं होतं."

"आणि लग्नापर्यंत गप्प राहणार होतास?"

"तुझी इच्छा म्हटल्यावर... मला जमलं असतं. आईचं काही खरं नव्हतं."

आत्या खाली बसली, एका पालथ्या बादलीवर, आणि हसू लागली. हसता हसता रडू लागली, रडता रडता पुन्हा हसू लागली. कोरडेपणा कुठल्या कुठे गेला!

"बरं, सांग," डोळे पुसत ती म्हणाली. "ह्या सगळ्या पसाऱ्यात मला कुठली फुलं हवीयेत?"

आतोबांनी चष्मा पुसला. आत्याकडे एकदा बघितलं, मग कोपऱ्यातल्या बादलीतून अचूक तोच गुलाब उचलला, कडेला गुलाबी, आत केशराची चाहूल.

"कसं ओळखलंस?"

"आल्यापासून तुझी नजर तिथेच जाऊन थांबतेय. लोकांची नजर कुठे थांबते ते बघणं, माझं रोजचंच काम आहे."

फूलवाल्या काकूंनी नाक ओढलं. "आधी बोलले असते तर माझ्या बादल्या वाचल्या असत्या," त्या म्हणाल्या, पण गुच्छातला फडका हळूच स्वतःच काढून घेतला.

मग आत्याने होणाऱ्या सासूबाईंना फोन लावला. "आई, अबोला सुटला. बोला आता!" आणि पलीकडे धरण फुटलं! फोन आत्याकडून आतोबांकडे, तिथून काकूंकडे, काकूंकडून एका बिचाऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. आपण कोणाशी बोलतोय ह्याचं बाईंना काही देणंघेणं नव्हतं.

घरी परतल्यावर टकळीला दिवाणखान्यात बोलावणं आलं. सोफ्यावर आई. आईशेजारी बाबा. दोघांचे हात छातीशी घडी घातलेले. टीव्ही बंद! म्हणजे परिस्थिती हाताबाहेरची होती.

आईने तोंड उघडायच्या आत टकळीने हात वर केला.

"काही बोलू नका. मला माझी चूक समजलीय. निरोप ही गोष्टच वाईट! माणसाने जे सांगायचं ते समोर जाऊन सांगावं. ह्यापुढे मी कोणालाही, काहीही, फोनवरून कळवणार नाही. प्रत्येकाच्या घरी स्वतः जाईन. हा माझा पक्का निर्णय आहे!"

आईचे हात सैल पडले. बाबांचा चेहरा तर अभिमानाने फुलून आला.

"म्हणून मी स्कूटर घ्यायचं ठरवलंय," टकळी म्हणाली. "मी चालवायच्या वयाची होईपर्यंत मागे बसेन. पुढे बाबा!"