आप्पांचा मिरीचा चरक

दौंडच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान, भर गर्दीची वेळ, आणि आमचे आप्पा मधोमध फरशीवर बसलेले. गुडघे उभे, गुडघ्यांच्या चिमट्यात मिरी दळायचं यंत्र, उजवा हात लेंग्याच्या खिशात, आणि डाव्या हातानं दांडी फिरवणं चालू. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून पातेली बघत होती.

"आप्पा, स्टूल देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"स्टूल ऱ्हाऊ दे. दुसरं काढ. ह्ये पायातनं सटकतंय."

आप्पा म्हणजे शिरूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. पाटसला साखर कारखान्यात फिटर म्हणून हयात गेली. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांचा एकच प्रश्न, "सीझन काढंल का?" गळीत सुरू झालं की चरक दिवसरात्र चालणार, मध्येच मोडला तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. त्या धाकात घडलेला हा प्रश्न. तोच ते चपलेला लावत, छत्रीला लावत, नव्या सरपंचालाही लावत. माझ्या लग्नाच्या पंक्तीत माझ्याकडं बोट करून त्यांनी तो माझ्या सासऱ्यांना विचारला होता. सासऱ्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

मिरीच्या प्रकरणाला सुरुवात मात्र मी केली. फोनवर एक काचेचं, उभट, देखणं यंत्र दिसलं आणि मी ते मागवलं. महिन्याभरात पुलावात कचकच लागायला लागली. बायको म्हणाली, तांदूळ नीट निवडले नाहीत. आमच्याकडं तांदूळ निवडायचं खातं माझ्याकडं. दोन रविवार मी चष्मा लावून खडे शोधले. शेवटी संशय आला आणि यंत्र आप्पांकडं नेलं. बैलबाजारात जबडा फाकवतात तसं त्याचं तोंड उघडून त्यांनी आत टॉर्च मारला.

"सर, दात प्लास्टिकचं हायेत. निम्मं झिजल्यात. मिरीसंगं तुम्ही यंत्रच खाल्लं की!"

"पण आप्पा, लाइफटाइम गॅरंटी आहे."

"कुणाच्या लाइफची? त्याच्या का तुमच्या?"

मी ते प्रकरण विसरलो, आप्पांनी ध्यास घेतला. तंबाखूच्या जुन्या डबीत स्वतःची मिरी भरून ते दुकानं धुंडाळायला लागले. "दात पोलादी, अंग पितळी, बाकी समदी सोंगं," हा मंत्र. लाकडाचं असेल तर पावसाळ्यात फुगणार. चिनी मातीचे दात झिजायचे नाहीत, पण एकदा पडले की कारभार आटोपला. एक स्टीलचं पसंत पडत आलं होतं, पण ते दोन हातांनी पिळून दळायचं, म्हणून त्यांनी परत केलं. माणसाला दोन हात असतात, ही गोष्ट मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली. मला वाटतं, मी त्या वेळी डोळाही मिचकावला होता.

काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, त्या दिवसांत निमोण्याला लेकीकडं होत्या. "नातवाचं कौतुक चाललंय," असं आप्पा सांगत. एरवी संध्याकाळी भिंतीपलीकडून खलबत्त्याचा ठणठण आवाज आला की आम्हाला कळायचं, आज मुगाची खिचडी, वर तूप आणि ताजी भरडलेली मिरी. एक वाटी आमच्याकडं हमखास यायची. विकतच्या मिरपुडीला काकू "राख" म्हणायच्या. मला वाटलं, बायको नाही, करमत नाही, म्हणून म्हातारा दुकानं पालथी घालतोय.

म्हणूनच दौंडच्या त्या दुकानात मला चेव आला. "आप्पा, डाव्या हाताचा नवस बोललाय का? का उजवा रिटायर होताना कारखान्यात जमा केला?"

अख्खं दुकान हसलं. आप्पाही हसले. हात मात्र खिशातून काढला नाही.

सातव्या का आठव्या यंत्राला ते थांबले. पितळी, बसकं, बुडाला रुंद, वर वाकडी दांडी. जबडा उघडला, दातांवरून नख फिरवलं, गुडघ्यात धरून दांडीला चार फेरे दिले.

"ह्ये काढंल सीझन." मग उठता उठता म्हणाले, "सर, जाताना गाडी जरा निमोण्याकडनं घ्या."

काकू ओसरीवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता, पण कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मला बघताच त्यांनी तो डाव्या हातानं उचलून पदराखाली घेतला.

"दोन महिन्यांमागं हितं आली तवाच आईच्या अंगावरनं वारं गेलं," लेक हळूच म्हणाली. "पाय वाचला, हात गेला. तवापास्नं चुलीकडं फिरकली न्हाई. कुणाला सांगू बी देत न्हाई."

कुठं बघावं ते मला कळेना. मी ओसरीचे पत्रे मोजायला लागलो.

आप्पांनी डबीतली मिरी यंत्रात घातली आणि ते काकूंच्या पुढ्यात ठेवलं.

"मला नगं. माझा सैपाक झाला आता," काकू म्हणाल्या.

"नगं तर नगं. दात तेवढं तपासून दे. मला बारीक दिसत न्हाई."

काकूंनी यंत्राच्या तोंडात डोकावून बघितलं. मग गुडघे उभे केले, यंत्र मध्ये धरलं. दांडी अडली. आप्पांचा हात पुढं गेला. अडलेल्या यंत्रात हात घालण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसानं तो हात तसाच मागं घेतला. काकूंनी पुन्हा जोर लावला. कर्र... कर्र कर्र. त्यांनी वाकून वास घेतला, नाक पुसलं आणि लेकीकडं वळून ओरडल्या, "पोरी, मुगाची डाळ धुऊन ठेव गं!"

निघताना मी म्हणालो, "आप्पा, एवढं मजबूत कशाला शोधायचं? तुम्ही घरचेच फिटर. बिघडलं तर केलं असतं दुरुस्त."

"तेच की, सर. मी हाय तवर कसलं बी चाललं असतं."

आप्पा गेले त्याला आता दोन सीझन झाले. यंत्र अजून एकदाही उघडावं लागलेलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून ठणठणऐवजी कर्रकर्र येते आणि मागोमाग वाटी. परवा वाटी परत द्यायला गेलो तेव्हा धीर करून म्हणालो, "काकू, त्या दिवशी दौंडला मी आप्पांना फार हसलो होतो."

"ठावं हाय की. मला सांगून सांगून हसायचे." दांडी चालूच होती. "म्या इचारलं, राग न्हाई आला? तर म्हणले, हसू दे. सरांचं दोन्ही हात शाबूत हायेत, त्यांना काय म्हाईत."

मग यंत्र माझ्यापुढं सरकवलं. "मिरी संपली. भरा."

मी फरशीवर बसलो, यंत्र गुडघ्यात धरलं, उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हातानं आप्पांची डबी उघडायला गेलो. निम्मी मिरी फरशीभर पसरली.

काकू गडगडणाऱ्या दाण्यांकडं बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय सीझन काढत न्हाई."