तीस सेकंद गप्प

कॉलेजच्या रेडिओवर आपल्या हाताखालून गेलेला आवाज इस्त्री होऊनच बाहेर पडतो, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. "दोन तास द्या, अठरा मिनिटं घ्या. त्यात एक 'अं' सापडला तर माझं नाव बदला." नाव तर आधीच बदललेलं होतं. सगळं कॉलेज तिला कात्री म्हणायचं आणि तिला त्याचा अभिमान होता.

'रिकामा तास' हा विद्यार्थ्यांचा पॉडकास्ट. दर आठवड्याला एक भाग. कधी कॉलेजातल्या निवडणुकीची भांडणं, कधी चित्रकलेच्या वर्गाचं प्रदर्शन, कधी मागच्या गल्लीतला किल्ल्या बनवणारा. मुलाखत कात्रीच घ्यायची आणि कापायचीही कात्रीच. खोकला, उसासा, खुर्चीची करकर, सगळं केराच्या टोपलीत! पाहुणा येताना साधा माणूस असायचा, जाताना बातम्या वाचणारा होऊन जायचा.

अशात तिच्या तावडीत बाइंडरकाका सापडले. ग्रंथालयाच्या तळघरात बसून फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात त्यांची हयात गेली होती. काकांचा स्वभाव मोठा उलटा. काही विचारलं की म्हणायचे, "थांब हं, सांगतो," आणि खरंच थांबायला लावायचे. खळीचा ब्रश डब्याच्या काठावर दोनदा आपटायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, तो परत नाकावर उतरवायचा आणि मग कुठे उत्तर यायचं. पण गप्प बसा म्हटलं की मात्र बोलण्याला ऊत.

मुलाखत तळघरातच झाली, एक तास पन्नास मिनिटांची. त्यात 'थांब हं' एकशे बारा वेळा. कात्रीनं मोजून कापले. उरलेली अठरा मिनिटं अशी सुळसुळीत निघाली की तो भाग वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकला गेला. काकांनी तो कुणाकडून तरी घरच्या फोनमध्ये भरून घेतला, दोनदा ऐकला आणि म्हणाले, "मी एवढा हुशार कधी झालो गं?" कात्रीला ती शाबासकी वाटली.

पाच आठवड्यांनी, एका सोमवारी काका कामावर आले नाहीत. मंगळवारी सूचनाफलकावर त्यांचा फोटो लागला. तळघरात अर्ध्या बांधलेल्या पुस्तकांवर वजनं तशीच ठेवलेली होती. कात्री जिन्यापर्यंत गेली आणि खाली न उतरता परत आली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काकू रेडिओच्या खोलीत आल्या. हातात पिशवी, पिशवीत फोन. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"मुलाखत तूच घेतलीस ना? छान झालीय. सगळे म्हणतात." मग जरा घुटमळल्या. "पण त्यात हे नाहीत गं. आवाज यांचाच आहे, पण हे असे कधी बोललेच नाहीत. ते 'थांब हं' कुठे गेलं?"

"ते मी काढलं, काकू. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो."

"मलाही यायचा. अडतीस वर्षं वैताग आला होता मला त्याचा." काकूंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "आता घरात कुणी थांब म्हणत नाही. तुझ्याकडे ते काढलेलं असेल का कुठे?"

नाही म्हणायला हवं होतं. पण समोर त्या बाईचा चेहरा! कात्रीच्या तोंडून निघून गेलं, "आहे ना. शुक्रवारी या."

काकू गेल्या आणि कात्रीनं संगणक उघडला. मूळ मुलाखत नव्हती. असणार कुठून? नाट्यस्पर्धेच्या रेकॉर्डिंगला जागा हवी म्हणून तिनंच ती पुसली होती. ती धावत संगणक प्रयोगशाळेच्या सरांकडे गेली.

"कचरापेटीत असेल की," सर म्हणाले. "रिकामी नाही ना केलीस?"

"केली. मी रोज करते."

"चांगली सवय आहे," सर म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

मग कात्रीच्या डोक्यातून एक अफलातून युक्ती निघाली. कापलेलं परत शिवायचं! अठरा मिनिटांत तिनं जागोजागी शांतता घुसवली. ऐकलं तर काका विहिरीतून फोनवर बोलताहेत आणि मधेमधे लाइन तुटतेय, असं वाटायला लागलं. तेवढ्यात तिला ग्रंथालयाचा शिपाई आठवला. काकांची नक्कल करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वीस वर्षं तो व्हरांड्यात 'थांब हं, सांगतो' करून पोरांना हसवत आला होता.

शिपाईदादा माइकसमोर बसला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आवाज चिरका आला. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा 'थांब हं' म्हणाला आणि पुढचं म्हणेचना. रुमाल काढून त्यानं जोरात नाक शिंकरलं.

"खालून ओरडायचे गं," तो म्हणाला. "मी वर नक्कल केली की खालून ओरडायचे, 'थांब, येतो वर!' कधी आले नाहीत."

पण शुक्रवार तोंडावर होता. शिपाईदादाचं दुसरं 'थांब हं' कात्रीनं अकरा ठिकाणी चिकटवलं.

शुक्रवारी काकूंनी हेडफोन लावला, डोळे मिटले. पहिलं 'थांब हं' आलं. काकूंनी डोळे उघडले.

"हा शिपाई ना?"

"हो."

"चांगली करतो. आमच्या घरी येऊन यांच्यासमोरच करायचा." त्यांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. "म्हणजे खरं काही नाहीच तुझ्याकडे."

"नाही, काकू. मी पुसलं. आणि परवा खोटं बोलले." आता मात्र कात्रीला रडू आवरेना. दोन तासांच्या मुलाखतींची अठरा मिनिटं करणाऱ्या पोरीला एवढं वाक्य धड पुरं करता येईना. "एकशे बारा होते, काकू. मी मोजले होते."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको. तुला काय माहीत होतं? हे तर घरी आले ते हसतच. म्हणाले, त्या पोरीनं सुरुवातीलाच मला तीस सेकंद गप्प बसायला सांगितलं आणि मला तेवढंही जमलं नाही."

कात्रीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

कापाकापी केली की आवाजात भोकं पडतात. ती बुजवायला रिकाम्या खोलीचा आवाज लागतो, म्हणून प्रत्येक मुलाखतीआधी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ती शांतता वेगळी साठवायची, असा रेडिओचा नियम होता. त्या शांततांचा कप्पाही वेगळा. तो कुणी साफ करत नसे, कारण शांततेला जागा फारशी लागत नाही. तिथे काकांचं ते फसलेलं रेकॉर्डिंग होतं. नाव होतं 'तळघर, बाद'.

तिनं हेडफोन काकूंना दिला नाही. स्पीकरच लावला.

आधी तिचाच रुबाबदार आवाज आला. "आता तीस सेकंद अगदी शांत बसायचं, काका."

पंख्याची घरघर. मग, "थांब हं, पंखा बंद करतो." चपलांचा आवाज, बटणाचा खटका. "तो चालला असता का गं?"

"काका, शांत."

"हो, हो." लांब श्वास. ब्रश डब्यावर आपटला, टक, टक. "झाले का तीस?"

"नाही."

"थांब हं, एक गंमत सांगतो. आमची ही मला काय म्हणते—"

"काका, गप्प बसा ना जरा!"

आणि बंद. एक्केचाळीस सेकंद.

काकू स्पीकरकडे बघत राहिल्या. "पुढे?"

"पुढे मी बंद केलं," कात्री म्हणाली. तिला मान वर करवेना. "ते तुमच्याबद्दलच सांगत होते आणि मी मधेच बोलले."

काकूंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसू फुटलं. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "अगं, मी आणखी काय म्हणणार? 'गप्प बसा ना जरा.' अडतीस वर्षं तेच म्हणत आले. तू त्यांचं वाक्य पुरं केलंस."

त्यांनी ते आणखी तीनदा ऐकलं. प्रत्येक वेळी 'झाले का तीस?' आलं की काकू हळूच म्हणायच्या, "नाही हो."

"माझा आवाज काढून देऊ?" कात्रीनं विचारलं. सवय!

"हात लावू नकोस. फोनमध्ये घालून दे."

कात्रीनं फोन जोडला. फोन भरलेला होता, एवढ्याशा गोष्टीलाही जागा नव्हती. "काहीतरी काढावं लागेल, काकू. काय काढू?"

काकूंना विचार करावा लागला नाही. "ती तुझी अठरा मिनिटं काढ."

वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग कात्रीनं आपल्याच बोटानं पुसला आणि सवयीप्रमाणे कचरापेटीही रिकामी केली.