एकच मंजूर हाक

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत चकलांब्याच्या शिवारात चला. नको, मिटू नका, मग वाचाल कसे? उघड्या डोळ्यांनीच या. भर दुपार आहे. पाण्याच्या हौदावर तीन कळप एकत्र पाणी पितायत. कुठलं मेंढरू कुणाचं, ते बघून सांगता यायचं नाही. पाणी पिऊन झालं की धुळाजी जिभेनं टकटक करायचा, अंजनाबाई ‘हुर्रऽऽ’ करायची, नाथा शीळ घालायचा. दूध-पाणी वेगळं व्हावं तसे तिन्ही कळप आपापल्या वाटेला लागायचे.

यात आजवर कधी अडचण आली नव्हती. म्हणजेच ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

लक्षात आली ती अमरसिंहाच्या. सरपंच अर्जुनरावांचा हा मुलगा पुण्याला कॉम्प्युटर शिकत होता. सुट्टीला येताना कपडे कमी आणि मतं जास्त आणायचा. जे सॉफ्टवेअर महिन्यात अपडेट होत नाही ते मेलेलं, हे एक मत. हातानं करावं लागतं ते काम नव्हे, ती चूक, हे दुसरं. आणि भाषा जगात एकच हवी, हे तिसरं. ती एक कोणती, हे मात्र दर सहामाहीला बदलायचं.

“काका, तीन माणसं, तीन हाका? काही स्टँडर्ड आहे की नाही?” त्यानं धुळाजीला विचारलं. “आणि कोणतं मेंढरू कुणाचं, हा डेटा साठवता कुठं?”

“मेंढरांच्या कानात,” धुळाजी म्हणाला.

“बॅकअप?”

“त्याला दुसरा कान हाय की.”

अमरसिंहानं कपाळावर हात मारला. आठवड्यात ॲप तयार झालं, समिती नेमली गेली. हाक कुणाची घ्यायची यावरून भांडण होऊ नये, म्हणून कुणाचीच घेतली नाही. ‘टिंग’ असा एक निःपक्षपाती आवाज मंजूर झाला. ‘टिंग’ वाजलं की मूठभर हिरवा घास, असं मेंढरांचं प्रशिक्षण झालं. मेंढरं समितीपेक्षा लवकर शिकली. मग ठराव झाला: यापुढे इतर सर्व हाका अनधिकृत.

पहिल्याच दुपारी अंजनाबाईनं बटण दाबलं. तिन्ही कळप तिच्यामागं. धुळाजीनं दाबलं, सगळी मेंढरं वळून त्याच्यामागं. नाथानं दाबलं. मेंढरं पळून पळून दमली, पाणी हौदातच राहिलं.

“प्रणाली अगदी अचूक चाललीये,” अमरसिंह म्हणाला. “वापरणारे चुकतायत. एका दिवशी एकानंच दाबायचं.”

तसं झालं. आता रोज सगळी मेंढरं एकाच्याच वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, मुक्कामाला. आज अंजनाबाईकडं, उद्या नाथाकडं, परवा धुळाजीकडं. समितीनं हिशेब करून दाखवला की सरासरी काढली तर प्रत्येकाची मेंढरं जितकी होती तितकीच आहेत.

एवढं सगळं ठीक होतं. फक्त धुळाजीची नात संस्कृती हिला ते पटेना. तिचं एक कोकरू होतं, चिंगी. ती जन्मताच तिची आई गेलेली, त्यामुळं चिंगी फक्त संस्कृतीच्या हातून बाटलीनं दूध प्यायची. आता तीन दिवसांतून दोन दिवस ती परक्या वाडग्यात उपाशी राहायची. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

पोर बाटली घेऊन अंजनाबाईच्या दारात गेली. “मावशी, चिंगीला हाक मारू द्या की.”

“लई वाटतं गं,” अंजनाबाई म्हणाली, “पण तुजी हाक अनधिकृत. ठरावावर माजा अंगठा हाय.”

ती सरपंचांच्या ओसरीवर गेली. “आबा, माजं कोकरू वाळायलंय.”

“बाळ, सरासरीनं ते तुज्याकडंच हाय,” अर्जुनराव मायेनं म्हणाले.

“मग दूध बी सरासरीनंच पाजू का?”

“ही सूचना चांगली आहे,” अमरसिंह म्हणाला. “पुढच्या अपडेटमध्ये बघू.”

पुढच्या अपडेटच्या आधी अमरसिंहाचा सत्कार आला. शाळेच्या मैदानात मांडव पडला, तालुक्याहून साहेब आले, सगळा गाव खुर्च्यांवर बसला. अमरसिंहानं फोन माईकला लावून बटण दाबलं. टिंग! त्या दिवशी पाळी अंजनाबाईची होती आणि तिचं वाडगं शाळेमागंच होतं. कुंपण मोडून तिन्ही कळप मांडवात घुसले. एक एडका साहेबांच्या हारातला झेंडू खायला लागला.

“घालव त्यांना!” अर्जुनराव ओरडले.

“जाण्याचं बटण पुढच्या अपडेटमध्ये आहे, पप्पा!”

लोकांनी व्हिडिओ काढले आणि लगेच लावून बघितले. त्यातलं ‘टिंग’ ऐकून मेंढरं खुर्च्यांवर चढली.

“धुळाजी,” सरपंच कानाशी लागले, “तुजी ती टकटक कर की बे!”

“अनधिकृत हाय, मालक. अर्ज करावा लागंल.”

एवढ्यात संस्कृती मंचावर चढली आणि तिनं माईक ओढला. “चिंगेऽऽ!”

त्या गर्दीतून एक मान वर झाली. हडकलेलं कोकरू पायांमधून वाट काढत आलं आणि संस्कृती खाली बसताच तिच्या मांडीवर पडलं. तिनं बाटली लावली. चिंगी डोळे मिटून दूध प्यायला लागली.

“ही हाक प्रणालीत नाही!” अमरसिंह म्हणाला.

“चिंगीच कुटं हाय परनालीत?” पोर म्हणाली.

तेवढ्यात सगळ्यांच्या खिशातलं ॲप एकदम वाजलं. टिंग. ‘आजची सेवा कशी वाटली? तारे द्या.’ मेंढरांच्या माना वर झाल्या, माणसांच्या खाली गेल्या. संस्कृतीनं माईकवरून हाका मारून पाहिल्या. “अमरदादा! आबा! साहेब!” एकानंही वर बघितलं नाही. तिचा आजोबासुद्धा तारे मोजत होता.

मग तिनं काय केलं, सांगू? प्रशिक्षणाचा उरलेला घास मंचामागं पडला होता. तो तिनं ओटीत घेतला आणि मेंढरांना बाजूला सारत प्रत्येक खुर्चीपुढं एकेक मूठ ठेवत गेली. शेवटी एक मूठ उरली. ती तिनं तुमच्यासाठी राखून ठेवली आणि चिंगीला खांद्यावर टाकून घरी गेली.