गफूरभाईंचे मागचे दिवे

गफूरभाई बांगडीवाले यांच्या सायकलला पुढे दिवाच नव्हता. मागे मात्र जत्रा होती.

अंधारात पुढचं दिसतं तरी कसं, असं कुणी विचारलं की गफूरभाई सायकलवरून उतरत, स्टँड लावत आणि मगच उत्तर देत. "मले रस्ता दिसते, भाऊ. जवानीपासून पाहून राह्यलो, तो कुठी जात नाई. रस्त्याले मी दिसतो का, हा सवाल हाय."

"रस्त्याले म्हंजे?"

"मांगून येनाऱ्याले. पुढून येनारा फकस्त शिव्या देते. मांगून येनारा धडक देते."

मी ट्रक ड्रायव्हर. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मूलच्या एका राइस मिलचा ट्रक चालवायचो आणि गफूरभाईंच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. त्यांच्या लेखी मी शेजारी नव्हतोच. मी 'मांगून येनारा' होतो, घरबसल्या सापडलेला. दिवस कलला की कुंपणावरून हाक यायची, "सुखदेव, आज कुठून दिसलो? खरं सांगजो. दोस्तीत बोलू नको."

"नाल्याच्या वळणावरून दिसले जी."

"वळनावरून? म्हंजे कालच्यापेक्षा कमी." आणि ते पक्कड घेऊन सायकलच्या मागे बसत.

डायनामोवर त्यांचा राग होता. "चढावर मानूस थकला का तोही थकते. ज्या वक्ताले दिसाले पायजे, त्याच वक्ताले डोये मिटते." मग त्यांनी कॅरियरखाली लाल काचेचा कंदील टांगला. पहिल्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका मॅटाडोरवाल्याने रेल्वेचं फाटक लागलं समजून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बिडी पेटवली. बिडी संपली तेव्हा फाटक बरंच पुढे निघून गेलं होतं. त्या दिवशी गफूरभाईंनी आमच्या गल्लीत सगळ्यांना चहा पाजला.

पण पंधरा दिवसांत कंदील चहाच्या टपरीवर माहीत झाला. "फाटक नाई रे, गफूर हाय तो, मार हॉर्न!" आणि गाड्या पुन्हा त्यांना चाटून जाऊ लागल्या. तेव्हापासून गफूरभाईंचा सिद्धांत तयार झाला. तो ते नमाजाइतक्या नेमाने म्हणत. "नवं दिसते, जुनं घासते." दिव्याचं नवल असेतोवरच ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. म्हणून दिवा सतत बदलला पाहिजे.

एकदा त्यांनी हिरव्या बाटल्यांची दोन बुडं घेतली, पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवला आणि मडगार्डच्या दोन्ही अंगांना बसवली. उंची आणि अंतर मात्र विचार करून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी केळझरच्या जंगलात बांबूचा एक ट्रक त्यांच्या मागे आला, थांबला आणि पुढे जाईचना. ट्रकमागे जीप थांबली, जीपमागे बस. वाघ चालला आहे तर चालू द्यावा, असं सगळ्यांचं एकमत झालं. बसमधल्या एका म्हातारीने तेवढं विचारलं म्हणे, "बापू, वाघाच्या पाठीवर बांगड्यायचा डबा काऊन?"

"बरात निंगाली माही, बरात!" गफूरभाई अंगणात नाचायचेच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचा गार्ड आला. "भाई, हे उतरवा. एखादा गोळी घालन."

आणि दारातून हमीदाभाभी म्हणाल्या, "घालो न घालो, वाघाच्या पाठीवर मी नाई बसनार."

गफूरभाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना गार्डचं काही वाटलं नव्हतं. सगळी धडपड त्या मागच्या कॅरियरसाठी होती. तिथे हमीदाभाभींनी पुन्हा बसावं म्हणून.

आधी नवराबायको मिळून आठवडी बाजार करायचे. ते पायडल मारायचे, भाभी मागे एका अंगाला बसायच्या, मांडीवर डबा. बाजारात ते ओरडायचे आणि भाभी काकणं भरायच्या. हात दाबून, बाईला माहेरच्या गोष्टी विचारत विचारत, हूं की चूं न करू देता काकण चढवायच्या. मग एका संध्याकाळी नाल्यावरच्या रपट्याजवळ, त्या बुटक्या पुलाजवळ, एका ट्रकने त्यांना रस्त्यावरून खाली घातलं. भाभींचा डावा हात मनगटात मोडला. हात जुळला, पण त्या पुन्हा सायकलवर बसल्या नाहीत. बाजारातल्या बाया गफूरभाईंना विचारत, "भाभी कुठी?" आणि हात मागे घेत.

"धंद्याचं सोड," एकदा ते मला म्हणाले. "रस्ता लंबा झाला बे. मांगून कोनी बोलतच नाई."

मी बोलणारा माणूस नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता सांगतो. तो ट्रक माझा होता.

तेव्हा मी माजरीहून कोळसा भरत होतो. रस्त्यावर डांबर एका गाडीपुरतंच, दोन्ही बाजूंना मुरूम. सायकलवाला दिसला की आम्ही हॉर्न दाबून त्याला मुरमात उतरवायचो. भरलेला ट्रक डांबर सोडत नाही, अशी आमची मिजास होती. कोण किती जणांना 'खाली घालतो' यावर टपरीवर हशा चालायचा. मी हसणाऱ्यांतला होतो.

त्या संध्याकाळी उजेड होता. मला सगळं दिसलं. माणूस दिसला, बाई दिसली, तिची हिरवी ओढणी, मांडीवरचा डबा. बारीकसा मागचा दिवाही जळताना दिसला. ती माझ्याकडे बघत होती. मी हॉर्नवर हात ठेवला, ब्रेकवर पाय ठेवला नाही. मग आरशात पाहिलं तर दोघं मुरमात पडलेले, डबा उघडलेला, आणि रस्त्यावर लाल-हिरवे-पिवळे रंग सांडलेले. मी थांबलो नाही.

पुढे कोळशाचं काम सोडून मूलला आलो. शेजारच्या गफूरभाईंनी पहिल्याच आठवड्यात ती हकीकत सांगितली, आणि रपट्याचं नाव ऐकताच मला कळलं. शेवटी ते म्हणाले, "बिचाऱ्याले दिसलं नसन. आपलाच दिवा बारीक होता."

मी पाण्याचा गडू तोंडाला लावला. म्हणालो, "हो जी. नसन दिसलं."

त्या एका वाक्यावर त्यांनी कंदील टांगला, बाटल्या फोडल्या, वाघ केला. आणि प्रत्येक दिव्याची परीक्षा घ्यायला मला बोलावलं.

शेवटचा दिवा सगळ्यांत देखणा होता. त्या दिवशी फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे त्यांनी वेचून आणले होते, जपून ठेवले होते. टिनाच्या चकतीला भोकं पाडून त्यांनी ते एकेक बसवले आणि मागे सेलचा बल्ब लावला. कॅरियरखाली जणू देवळाच्या जत्रेतलं चक्र लागलं होतं. दिवेलागणीला मला अंगणात उभं करून ते म्हणाले, "सांग तिले. तू ड्रायव्हर हायेस, तुही गवाही चालते."

भाभी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "दिसते, भाभी. लय दुरून दिसते."

"दिसते ते कबूल," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दिसल्यावर थांबन का?"

"थांबनच ना!" गफूरभाई उसळले. "मानूस हाय तो. दिसल्यावर काऊन नाई थांबनार?"

"त्यानं पायलं होतं. मी त्याच्या डोयात पाहून राह्यली होती."

"तुले भास झाला."

"पायलं होतं."

"नसन पायलं, हमीदा! पायलं असतं तर..."

"पायलं होतं," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. "मीच होतो, भाभी. तुमची ओढनी हिरवी होती. डबा मांडीवर होता. गफूरभाई, तुमचा दिवा जळत होता. बारीक होता, पन दिसत होता."

"मंग काऊन?" गफूरभाईंनी विचारलं. रागाने नाही. नवा दिवा कुठे चुकला हे विचारताना विचारत, तसं.

"डांबर सोडाचं नव्हतं."

याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं.

भाभींनी सूप बाजूला ठेवलं. नवऱ्याला म्हणाल्या, "आयकलं? एवढे दिवस हा मानूस मले भास झाला म्हने." आणि ओढणीने डोळे पुसले. पण चेहरा हलका झाला होता. मग माझ्याकडे वळल्या. "बाजाराच्या दिवशी मी बसनार. तू मांगून येजो. पाहू दे, कसा येतेस ते."

माफीचा एक शब्दही त्यात नव्हता. हुकूम होता.

गफूरभाई सायकलकडे वळले. चकतीचा एक स्क्रू ढिला होता, तो आवळत बसले. माझ्याकडे न बघता पुटपुटले, "तरी बी लावून ठेवू. एखाद्याले खरंच दिसत नसन."

नंतर बाजाराच्या दिवसापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. कुंपणावरून हाकही आली नाही.

त्या दिवशी मी बाजाराच्या बाजूच्या गावांतून धान भरून परतत होतो. बाजार उठल्यावर सायकल पुढे निघाली, मी मागे. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, एकाने माझ्या आईचाही उद्धार केला. भाभी एका अंगाला बसल्या होत्या, डबा मांडीवर, मान वळवून सरळ माझ्याकडे बघत. पापणी लवत नव्हती. मधूनच नवऱ्याला काही सांगत होत्या, आणि गफूरभाईंची पाठ हसत असल्यासारखी हलत होती.

रपटा आला. तो ओलांडल्यावर भाभींनी डावा हात वर केला, कोपरापर्यंत काकणं भरलेला, आणि इशारा केला. जा.

मी स्टिअरिंग उजवीकडे कापलं. धानाने भरलेला ट्रक डांबर सोडून मुरमात उतरला, एका अंगाला कलला, धूळ उडाली. सायकल डांबरावरच राहिली. बरोबरीने जाताना इंजिनाच्या आवाजावरून गफूरभाई ओरडले, "सुखदेव! दिसलो काऽ?"

"दिसले!" मी ओरडलो. "दोघं बी!"

पुढे जाऊन डांबरावर चढलो आणि आरशात पाहिलं. पुढे दिवा नसलेली ती सायकल येत होती, आणि गफूरभाईंच्या खांद्यामागून भाभींचा हात अजून वरच होता. उतरत्या उन्हात त्यावर लाल, हिरवा, पिवळा चमकत होता.

तेच रंग होते. या वेळी ते चालत होते.