सगळंच अर्जंट

शिंपी गठ्ठ्यामागून गठ्ठा उपसत होता. फौजदारसाहेब आज संध्याकाळी कोट न्यायला येणार होते आणि कोटाचं कापडच सापडत नव्हतं.

"अहो, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या बघा ना," बायको म्हणाली.

"चिठ्ठ्यांनीच तर घात केलाय! ज्यावर बघावं त्यावर अर्जंट!"

आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? गिऱ्हाईक पायरी चढलं की तोंडातून पहिला शब्द निघे तो अर्जंट. पायजम्याची नाडी अर्जंट, उशीचा अभ्रा अर्जंट. एका आजोबांनी तर लोकरीची बंडी भर उन्हाळ्यात अर्जंट म्हणून टाकली होती. नाही म्हणायची शिंप्याची छाती नव्हती. मग त्याने 'फार अर्जंट' काढलं, पुढे 'खरंच अर्जंट' आणि शेवटी 'आईशपथ अर्जंट'. घोडं मात्र तिथंच पेंड खात होतं.

"मला आत टाकतील गं ते!"

"कोटासाठी कुणी आत टाकतं का?"

"त्यांना कारण लागतंय होय!"

कापड निघालं ते आईशपथच्या ढिगाच्या तळातून. अख्खं, कात्रीही न लागलेलं. शिंप्याने ते घाईघाईने टेबलावर पसरलं. तेवढ्यात पायरीवर बूट वाजले.

"झाला का कोट?"

शिंप्याने कापड तसंच पुढे केलं. "साहेब, चुकलो. पोटात घाला. अजून कापलासुद्धा नाही."

फौजदारांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं. पुढच्या महिन्यात द्या."

"पण तुम्ही तर अर्जंट..."

"अहो, तसं म्हटल्याशिवाय तुम्ही कापडाला हात तरी लावता का?"

हुश्श! शिंप्याच्या जिवात जीव आला. तो चक्क हसला. बायकोही हसली.

"चला, सुटलात एकदाचे," ती म्हणाली. "आता माझा ड्रेस द्या, घालून बघते. सकाळी निघायचंय ना दादाच्या लग्नाला?"

शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुझा? अगं, पण तू कुठं अर्जंट म्हणालीस?"

"मी म्हणायला हवं होतं?" बायकोने अगदी हळू आवाजात विचारलं आणि हातातली टेप बोटांभोवती गुंडाळायला घेतली.

फौजदारांनी गुपचूप टोपी चढवली. "येतो मी."

शिंप्याने झडप घालून त्यांचा हात धरला. "साहेब, पाया पडतो, आत्ता जाऊ नका!"