सातव्या मजल्यासाठी बादली

"लिफ्ट बंद? आणि आजच?" काकांचा पारा तळमजल्यावरच चढला. गुडघ्याचं ऑपरेशन करून काकू तासाभरात घरी यायच्या होत्या, आणि घर सातव्या मजल्यावर. रस्ता खोदणाऱ्यांनी सकाळी बाहेरची विजेची लाइन तोडली होती, त्यामुळे सगळी भिस्त तळघरातल्या इंजिनावर. ते गॅसवर वीज करायचं आणि स्वतःच्या उष्णतेवर इमारतीला गरम पाणी पुरवायचं.

"बिघाड नाहीये काका," सेक्रेटरी म्हणाला. "टाकीतलं पाणी कडकडीत झालंय. इंजिनाची उष्णता जाणार कुठे? म्हणून ते थांबलं. गरम पाणी खर्च झालं की चालू होईल. पण उन्हाळ्यात सगळे गार पाण्याने आंघोळ करतात."

"मग नळ सोडून द्या."

"पाणी वाया घालवायचं नाही, असा कमिटीचा ठराव आहे. आंघोळच करावी लागेल. तुम्हीच सुरुवात करा ना."

"माझी सकाळीच झालीय. लिफ्ट चालावी म्हणून मी अंगावर पाणी घेणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व जपून काका दारोदार फिरले. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीण बाईंना म्हणाले, "जरा गरम पाण्याने आंघोळ करता का?" बाईंनी आधी स्वतःची बाही हुंगली आणि मग धाडकन दार लावलं. चौथ्यावरचा वकील म्हणाला, "हे लेखी द्या." शेवटी काकूंचं नाव काढल्यावर मात्र लोक मुकाट्याने न्हाणीघरात शिरले, आणि इंजिन धडधडलं.

काकू चाकांच्या खुर्चीसकट लिफ्टमध्ये बसल्या, शेजारी मुलगा. काकांना जागा उरली नाही, ते जिन्याने धापा टाकत निघाले. सहावा मजला ओलांडून लिफ्ट गचकन थांबली. आंघोळी आटोपल्या होत्या, नळ बंद झाले होते, इंजिन पुन्हा थांबलं होतं.

"आता कोण राहिलंय आंघोळीचं?" आतून काकूंनी विचारलं.

जिन्यात ओल्या केसांनी उभी असलेली सगळी इमारत काकांकडे बघू लागली.

"अगं, पण तत्त्व..."

"तत्त्व गेलं चुलीत. बादली लावा."

काका तणतणत वर घरी जाऊन न्हाणीघरात शिरले. सेक्रेटरीला, कमिटीला, इंजिन शोधून काढणाऱ्याला शिव्या घालत त्यांनी कढत पाणी अंगावर ओतलं. जरा वेळाने खुर्चीची चाकं घरात वाजली. काकांना हायसं वाटलं. त्यांनी टॉवेल घेतला.

"झाली का?" बाहेरून काकू.

"झाली एकदाची."

"मग इतक्यात बाहेर येऊ नका. पोरगा बॅगा आणायला खाली गेलाय. दुसरी बादली लावा."